बिल घेऊन मंडपात या

मी माहीमचा परवानाधारक वायरमन. कापड बाजारापासून कोळीवाड्यापर्यंत माझं काम चालतं: चाळी, पागडीच्या जुन्या इमारती, त्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, खाडीकडची पत्र्याची घरं. भाद्रपद जवळ आला की मंडपांची लायटिंग, डिसेंबरात मेळ्याची आणि नाताळची. वर्षभर लोकांच्या घरात शिरतो, त्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. वीज कशी वाचवायची याची माहितीपत्रकं सगळ्यांच्या दारात पडतात, आणि रद्दीत जातात. पण तीच गोष्ट ओळखीच्या माणसाने, हातात त्यांचंच बिल धरून सांगितली, तर दुसऱ्या दिवशी पंखा बदललेला असतो.

आणि ओळखीची माणसं एका जागी भेटतात ती उत्सवात. माहीममध्ये तर उत्सवांना तोटा नाही. श्रावणात कोळीवाड्याची नारळी पौर्णिमा, मग गणपती, शितळादेवीची नवरात्र, ऑक्टोबरात ईस्ट इंडियन ख्रिस्ती मंडळींचा आगेरा, म्हणजे सुगीचा सण, डिसेंबरात मखदूमबाबांच्या दर्ग्याचा मेळा, ज्यात पहिला संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, मुंबई पोलिसांचा असतो, त्याला लागूनच नाताळ, जानेवारीत हळदीकुंकू. शिवाय रमजान, जो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. दर बुधवारी सेंट मायकल चर्चच्या नोव्हेना प्रार्थनेला तर सगळ्या धर्मांची माणसं येतात. या सगळ्यांच्या घरात मीटर एकाच पद्धतीने फिरतो. म्हणून उत्सवात एक ‘बिल टेबल’ लावा, जिथे लोक आपलं विजेचं बिल घेऊन येतील आणि ते कमी कसं करायचं हे समजून घेतील, असं माझं सांगणं आहे. ते कसं लावायचं आणि तिथे बसून लोकांना काय सांगायचं, ते खाली सविस्तर लिहितो.

आधी मंडळाने आपला मंडप नीट करावा

मंडपात हॅलोजन जळत असताना समोर टेबल टाकून लोकांना वीजबचत सांगू नका. कोणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

हिशेब सरळ आहे. ५०० वॉटचे २० हॅलोजन म्हणजे १० किलोवॉट. रोज सहा तास आणि दहा रात्री धरल्या तर ६०० युनिट. त्याच उजेडाला १०० वॉटचे एलईडी फ्लड पुरतात. ते २० लावले तर १२० युनिट. वायर कमी जाडीची चालते, उष्णता कमी, कापडी सजावट तापत नाही, जनरेटर ठेवायचा असेल तर लहान पुरतो. डेकोरेटरला काम देतानाच कागदावर लिहून घ्या की सगळे दिवे एलईडी. तोंडी ठरवलं तर ऐन वेळी गोडाऊनमधले जुने हॅलोजनच येतात.

कनेक्शन तात्पुरतंच, पण अधिकृत घ्या. महापालिकेची मंडप परवानगी आणि परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावपळ करू नका. शेजारच्या दुकानातून किंवा जिन्याच्या लाईनीवरून वायर ओढायची सवय अजूनही काही ठिकाणी आहे. ती बंद झालीच पाहिजे. भाद्रपदात पाऊस असतो, मंडपाचा सांगाडा लोखंडी असतो, आणि लहान मुलं त्या खांबांना धरूनच उभी असतात. सांगाड्याला अर्थिंग, मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, ज्याला आपल्याकडे सगळे ईएलसीबी म्हणतात, आणि जमिनीवर एकही उघडा जॉइंट नाही, या तीन गोष्टींवर तडजोड करू नका. आरसीसीबीचं टेस्ट बटण रोज आरतीआधी दाबून बघा. ट्रिप झाला तर ठीक. नाही झाला तर वायरमनला बोलवा, आणि तोवर मंडपाची वीज बंद ठेवा.

मग मंडळाचं गेल्या वर्षीचं बिल आणि यंदाचं बिल, दोन्ही टेबलामागच्या फळ्यावर लावा. लोक आधी तेच वाचतात. स्वतःचा हिशेब उघडा ठेवणाऱ्यापुढे माणूस आपलं बिल खिशातून काढतो.

टेबल कसं मांडायचं

टेबल देवाच्या समोर नको, चपला काढायच्या जागेजवळ हवं. तिथे लोक थांबतात. सामान थोडकंच: एक प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर, एक क्लँप मीटर, म्हणजे वायरभोवती पकडून करंट मोजणारा, कॅल्क्युलेटर, कागद, आणि एक दाखवायचा बोर्ड.

बोर्ड मी असा करतो. प्लायच्या फळीवर तीन होल्डर. एकात ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब, दुसऱ्यात सीएफएल, तिसऱ्यात ९ वॉटचा एलईडी. प्रत्येकाला वेगळं बटण, आणि सगळ्यांच्या आधी वॉटमीटर. मुलांना बटणं दाबायला द्या आणि आकडा मोठ्याने वाचायला लावा. मूल ‘साठ!’ आणि मग ‘नऊ!’ असं ओरडतं तेव्हा मागे उभी असलेली त्याची आई पुढे येते. मागच्या जोडणीवर झाकण आणि बोर्डाला स्वतःचा आरसीसीबी हवाच. जमलं तर शेजारी दोन पंखे टेबलफॅनसारखे स्टँडवर लावा, एक जुना आणि एक बीएलडीसी, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या नव्या मोटरचा. जुना पूर्ण वेगात ७० ते ८० वॉट दाखवतो, बीएलडीसी ३० च्या आसपास. वारा दोघांचा सारखाच. हे डोळ्यांनी पाहिलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

टेबलावर कोण बसणार, हा खरा प्रश्न. मराठी बोलणारा एक, हिंदी-उर्दू बोलणारा एक, कोकणी किंवा इंग्रजी बोलणारा एक, आणि त्यात निदान एक बाई. घरात कुठली वस्तू किती वेळ चालते हे बहुतेक घरांत बाईलाच माहीत असतं. संध्याकाळच्या गर्दीत ती येत नाही. दुपारी तीन ते पाच, भजनी मंडळाच्या वेळेला, येते. ती वेळ चुकवू नका. मोहल्ल्यातला एखादा चाचा किंवा पॅरिशमधली एखादी आंटी टेबलावर बसली, की त्यांच्या गल्लीतली माणसंही मंडपात येतात. आणि मेळ्याच्या वेळी, नाताळच्या वेळी, आपल्या मंडळाच्या पोरांनी त्यांच्या टेबलावर जाऊन बसायचं. हे देणंघेणं ठरवून करा.

पंखे, एसी, सोलर विकणाऱ्याला टेबलावर बसू देऊ नका. प्रायोजक म्हणून फ्लेक्स लावायला पैसे देतो म्हणाला तरी नको. तो बसला की टेबल दुकान होतं, आणि लोकांच्या मनात जी शंका यायची ती येतेच. कुठल्या पक्षाचा बॅनरही टेबलावर नको. बिलावर नाव, पत्ता, ग्राहक क्रमांक असतो, म्हणून बिलाचा फोटो काढायचा नाही, ग्रुपवर टाकायचा नाही. आपल्या कागदावर फक्त मजला, खोल्या आणि गेल्या बारा महिन्यांचे युनिट लिहायचे.

बिल कसं वाचायचं

कुलाब्यापासून माहीमपर्यंत वीज बेस्टची. खाडी ओलांडून वांद्र्याला गेलात की कंपनी बदलते, कागदाचा रंग बदलतो, दर बदलतात. पण घरगुती टप्पे तेच: १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. त्यामुळे वांद्र्याची जत्रा असो की माहीमचा मेळा, समजावण्याची पद्धत एकच.

लोकांच्या मनात एक भीती घट्ट बसलेली असते: ३०० ओलांडले की सगळे युनिट महाग होतात. तसं नाही. पहिले १०० पहिल्याच दराने, पुढचे २०० दुसऱ्या दराने, आणि फक्त ३०० च्या वरचे तिसऱ्या दराने लागतात. पण यातली दुसरी बाजू जास्त कामाची आहे. आपण जो युनिट वाचवतो तो नेहमी सगळ्यात वरचा, म्हणजे सगळ्यात महाग असतो. ३४० युनिट वापरणाऱ्याने ४० वाचवले तर त्याचे तिसऱ्या टप्प्यातले पैसे वाचतात. म्हणून हिशेब करताना सरासरी दर धरू नका, शेवटच्या टप्प्याचा धरा. त्यावर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचा युनिटमागचा आकार, आणि १६ टक्के वीज शुल्कही लागतं, तेही वाचतं. स्थिर आकार मात्र युनिटमागे कमी होत नाही, हे आधीच सांगून टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात माणूस भांडायला येतो.

मग मागच्या महिन्यांचे युनिट बघा. डिसेंबर-जानेवारीतला आकडा हा घराचा पाया: फ्रिज, टीव्ही, दिवे, गीझर. मे महिन्यातला आकडा त्याच्या दुप्पट असेल तर वरचा भाग पंखे आणि एसीचा. फरक फारसा नसेल आणि तरी बिल मोठं असेल, तर बारा महिने चोवीस तास चालणारं काहीतरी आहे. बहुतेक वेळा जुना फ्रिज, कधी कधी गळती.

घरी जाऊन करायची मीटरची परीक्षा

ही परीक्षा टेबलावर शिकवा आणि घरी करायला सांगा. पैसा लागत नाही.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी इंग्रजीत छापलेलं असतं की एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, उदाहरणार्थ ३२००. घरातली सगळी बटणं बंद करा. फ्रिजचं बटणसुद्धा, राउटर आणि सेटटॉप बॉक्ससुद्धा. मेन मात्र चालूच ठेवा. आता मीटरसमोर पाच मिनिटं उभं राहा. दिवा एकदाही लुकलुकला नाही तर घर स्वच्छ आहे. लुकलुकत राहिला तर कुठेतरी वीज जातेय. चाळीत याची तीन कारणं मला वरचेवर सापडतात. जिन्याचा किंवा सामाईक संडासाचा दिवा कुणा एकाच्या मीटरवर असतो. पोटमाळ्यावरून गेलेल्या जुन्या वायरचं आवरण गेलेलं असतं आणि ती ओल्या भिंतीला टेकलेली असते. किंवा दोन खोल्यांचे न्यूट्रल, म्हणजे परतीच्या वायरी, एकमेकांत मिसळलेले असतात. ‘अर्थ’ लिहिलेला वेगळा दिवा मीटरवर पेटलेला दिसला तर शेवटची दोनच कारणं तपासायची. इथे स्वतः बोर्ड उघडायचा नाही. परवानाधारक वायरमन बोलवा आणि त्याला आधीच सांगा, ‘सगळं बंद केल्यावरही मीटर चालतोय.’ त्याचं अर्धं काम झालेलं असतं.

याच दिव्यावरून एकेका वस्तूचा वापरही मोजता येतो. ३२०० च्या मीटरवर एका मिनिटात दहा लुकलुकी म्हणजे त्या क्षणाला साधारण १८८ वॉटचा वापर. एकेक बटण चालू करत जा, मिनिटभर मोजा, लिहा. आठवी-नववीतल्या मुलामुलींना हे काम द्या. ती मोठ्यांपेक्षा चोख करतात.

आधी वायरिंग, मग वस्तू

जुन्या इमारतींत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी दोन दिवे आणि एका पंख्यासाठी ओढलेल्या वायरवर आज फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, इस्त्री आणि वर एसी. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी कटआउटमध्ये जाड तार घातलेली असते. अशा घरात पाच स्टारचा एसी बसवून काही उपयोग नाही. ढिल्या, तापलेल्या जोडणीत वीज वाया जातेच, आणि आगीही तिथूनच लागतात.

माणूस टेबलावर आला की पहिले प्रश्न हेच विचारा. स्विच किंवा प्लग हाताला गरम लागतो का? फ्रिजचा दरवाजा उघडताना हलका झटका बसतो का? मिक्सर लावला की दिवे मंद होतात का? यातलं एकही ‘हो’ आलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून वायरिंग तपासायला सांगा. कटआउट काढून एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग, एक आरसीसीबी, आणि एसी-गीझरला मेनपासून वेगळी तांब्याची वायर. मंडळाकडे समाजकार्याचा निधी असेल तर तो इथेच वापरा. एकट्या राहणाऱ्या आजीच्या खोलीत आरसीसीबी बसवून देणं हे मला कुठल्याही देखाव्यापेक्षा मोठं वाटतं.

कुठली वस्तू आधी बदलायची

वायरिंग ठीक असेल तर मुंबईत पहिला नंबर पंख्याचा. आपल्याकडे पंखा जवळपास बारा महिने फिरतो. ७५ वॉटचा काढून ३० वॉटचा बीएलडीसी लावला, रोज पंधरा तास चालला, तर महिन्याला २० युनिट वाचतात. समजा शेवटच्या टप्प्याचा दर सगळं धरून १० रुपये आहे, तर एका पंख्यामागे महिन्याला २०० रुपये. तीन हजारांचा पंखा सव्वा वर्षात फिटतो. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर स्टार लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे दुकानात लेबल बघूनच घ्या. बीएलडीसीला जुना रेग्युलेटर चालत नाही, तो बोर्डातून काढून थेट जोडणी करावी लागते. वेग रिमोटवर असतो. रिमोट हरवण्याची काळजी वाटणाऱ्या घरांसाठी भिंतीवरच्या रेग्युलेटरची मॉडेलंही मिळतात. ज्येष्ठांना तीच सुचवा. आणि लाकडी तुळईच्या चाळीत पंखा बदलताना हूक तपासून घ्या. गंजलेला हूक पाहिल्याशिवाय मी नवा पंखा टांगत नाही.

भाड्याने राहणाऱ्यांना तर पंखा हीच सगळ्यात चांगली खरेदी, कारण अकरा महिन्यांचा करार संपला की तो काढून पुढच्या घरी नेता येतो. जुना जपून ठेवा, जाताना तोच टांगून द्या. भाडेकरूला टेबलावरून ‘घरमालकाला विचारा’ एवढंच सांगून परत पाठवू नका. पंखा, एलईडी, फ्रिजचं रबर, ही सगळी त्याच्या हातातली कामं आहेत.

फ्रिजची परीक्षा कागदाची. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर रबर गेलं. पूर्ण फ्रिज बदलायची गरज नसते, रबर बदलून मिळतं. फ्रिज भिंतीला चिकटवलेला असेल तर चार बोटं पुढे ओढा. बर्फाचे थर जमणारा फ्रिज असेल तर थर बोटाएवढा होण्याआधी वितळवा, सुरीने खरवडू नका. कोळीवाड्यात मासळीसाठी डीप फ्रीझर असतात, बरेचसे जुने, आणि जागा नसल्याने अंगणात उन्हात ठेवलेले. मावशींना मी आधी सावली करायला सांगतो, मग रबर, मग वर जाड गोधडी नव्हे तर मागच्या जाळीला मोकळी हवा. गोधडीने जाळी झाकली की मशीन थांबतच नाही.

एसी असेल त्यांना २४ च्या खाली आणू नका म्हणा. एक डिग्री वाढवली की साधारण सहा टक्के वीज कमी लागते, असं केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचं सांगणं आहे, आणि १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलवाले नवे एसी सुरूच २४ वर होतात. माझा स्वतःचा सल्ला २६ आणि वर मंद पंखा. आपल्या दमट हवेत ते पुरतं. फिल्टर दर पंधरवड्याने नळाखाली धुवायचा. एसी नवा घेणाऱ्याला मात्र लेबलवर वर्षाचे युनिट कुठे छापलेत ते दाखवा. स्टारपेक्षा तो आकडा दोन मॉडेलांत तुलना करायला सोपा पडतो.

गीझर २००० वॉटचा. रोज अर्धा तास म्हणजे एक युनिट. दिवसभर चालू ठेवला तर नुसता गरम राहण्यासाठी वीज खातो. काटा ५० वर ठेवा. ट्यूबलाइटची जुनी चोक-पट्टी जाऊन १८-२० वॉटची एलईडी पट्टी आली तर निम्म्याहून जास्त वाचते. राउटर आणि सेटटॉप बॉक्स वॉटमीटरला लावून दाखवा. दहा वॉटची वस्तू चोवीस तास चालली तर महिन्याला सात युनिट जातात.

पत्र्याखालचं घर आणि वरचा मजला

इथे विजेच्या आधी उन्हाचा विचार. पत्र्याच्या किंवा गच्चीखालच्या घरात पंखा गरम हवाच फिरवतो. पांढरा, ऊन परतवणारा रंग छतावर दिला की घर दुपारी जाणवण्याइतकं निवतं. हे काम होळी ते गुढीपाडवा या दिवसांत उरका. मे महिन्यात त्या पत्र्यावर कोणी उभं राहू शकत नाही, आणि जूनमध्ये रंग वाळत नाही. होळीच्या वर्गणीतून गल्लीतल्या सगळ्या पत्र्यांचा रंग एकत्र आणला तर स्वस्त पडतो.

दोन खबरदाऱ्या. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते कोरडं घासू नका, तोडू नका, भोक पाडू नका. धूळ छातीत जाते. आणि पत्र्यावर थेट पाय ठेवू नका, फळी टाकून तिच्यावरून काम करा. पत्रा फुटून खाली पडलेली माणसं प्रत्येक वस्तीत आहेत.

सोसायटीचं सामाईक मीटर

हा विषय सर्वसाधारण सभेपेक्षा सत्यनारायणाच्या दिवशी, सगळे खाली जमलेले असताना काढावा. जिन्यात सेन्सरचे एलईडी, पंपाला टाकी भरली की बंद होणारा फ्लोट स्विच, आणि पंपाचा फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, गळत नाही ना ते बघणं. पंप रोज जितका वेळ चालायला हवा त्याहून दुप्पट चालत असतो, आणि वॉचमनलाच ते नेमकं माहीत असतं. त्याला विचारा.

सोलरचं गणितही तिथेच मांडा. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची लागते, आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, असं जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. पण अर्ज करण्याआधी गच्चीवर सकाळी दहा, दुपारी बारा आणि तीन वाजता जाऊन सावली बघा. माहीममध्ये शेजारी टॉवर उठला की दुपारनंतर गच्ची अंधारते. आणि इमारत पुनर्विकासाच्या उंबरठ्यावर असेल तर माझा सल्ला थांबण्याचा. तोवर जिना आणि पंप नीट करा.

उत्सवानंतर

विसर्जन झालं की टेबल उचलायचं, पण कागद जपायचे. दोन बिलं येऊ द्या, मग प्रत्येक घरी विचारा: काय बदललं, युनिट किती झाले. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, नाहीतर पावसाळा संपल्याचा फरक तुमच्या नावावर जमा होईल. मिळालेले आकडे, नावं न घालता, पुढच्या उत्सवाच्या टेबलावर लावा. गणपतीत मिळालेले आकडे डिसेंबरच्या मेळ्यात आणि नाताळच्या टेबलावर चालतात. १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनही त्याच दिवसांत येतो, तेव्हा शाळांनाही जोडून घेता येतं. ज्या घरात काहीच कमी झालं नाही तिथे परत जा. तिथे बहुधा मीटरची परीक्षा राहिलेली असते.

हळदीकुंकवाला वाण म्हणून यंदा प्लास्टिकचा डबा नको, ९ वॉटचा एलईडी द्या. आमच्या गल्लीत काकूंनी दिले, आणि संध्याकाळी देण्याआधी प्रत्येक बल्ब मंडळाच्या बोर्डावर लावून पाहिला. बल्ब दिलेल्या घराचं नाव यादीत लिहून ठेवा आणि सोबत रिकामा कागदही द्या, मार्चच्या बिलाचे युनिट लिहायला.